लोटांगण गाडीचा मुनशी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासलं त्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे मी बापाकडून शिकलो. बैलाशिवाय दुसऱ्या कोणाला असं आवतन दिलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मुनशीच्या अंगणात पाहिलं. मुनशी उकिडवा बसला होता, पुढ्यात पितळेची वाटी, आणि तो आपल्या गाडीच्या बंपरला हळद-तूप चोळून राहिला होता. पार आतपर्यंत हात घालून, जिथं लोखंडाला गंज लागला तिथं जरा जास्त. चोळून झालं तसं त्यानं हेडलाईटजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी अंगणाच्या तोंडाशीच थांबलो. कारण त्याच गाडीखाली त्याची बायको मेली होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला चौथी पुरते. आणि मुनशीबद्दल जेवढं मी पाहिलं तेवढं आमगाव तालुक्यात कोणी पाहिलं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मुनशी म्हणजे तेंदूपत्त्याचा, बिडीच्या पानांचा मुनशी. उन्हाळ्यात जंगलातल्या गावागावांत फळी लागते, म्हणजे मजुरांकडून पानांचे पुडके मोजून घ्यायची जागा. अशा फळ्यांवर हा ठेकेदाराचा माणूस म्हणून फिरायचा. अंगानं काटकुळा, आवाज मात्र रान उठवणाऱ्या हाकाऱ्याचा. नाव त्याला होतं, पण त्याच्या लग्नपत्रिकेनंतर ते कोणी वापरलं नसावं. पायी आणि सायकलीवर फिरून फिरून कंटाळला, तेव्हा सरकारी लिलावातून ही गाडी घेऊन आला. चारही चाकांना ताकद, मोठ्या गिअरच्या बाजूला एक छोटा दांडा, वर ताडपत्रीचं हूड, मागे स्टेपनी लटकलेली. ज्या कंपनीची होती तिनं ते मॉडेल कधीचंच बंद करून टाकलं होतं. लांबीला आखूड आणि उंचीला जास्त. पहिल्या दिवशीच मी म्हटलं होतं की ही गाडी म्हणजे डोक्यावर पाण्याची गुंडी घेतलेली बाई, जरा पाय घसरला की गेली. तो हसला. तेव्हा तो हसत होता.

मग कचारगडची जत्रा आली. फळीवरच्या गोंड मजुरांनी त्याला आग्रह केला, मुनशीच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनंही देवाला काही नवस बोलला होता, म्हणून दोघं गाडीनं गेले. पोरगा लहान होता, त्याला आमगावला मामाकडे ठेवलं. मी माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गावची माणसं घेऊन गेलो होतो. परतताना तो माझ्यापुढं निघाला. जंगलातल्या लांब उतारावर, खालच्या वळणाशी मला ती गाडी आडवी पडलेली दिसली. डाव्या अंगावर. वरची चाकं हवेत अधांतरी होती. मुनशी रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता आणि वहिनीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्याच्या कपाळाला थोडंसं खरचटलं होतं, बस.

मी ट्रॅक्टर चालवणारा माणूस. मला सवय आहे, काही बिघडलं की आधी वाकून पाहायचं. मी वाकून आत पाहिलं. चाबी चालू. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे माणूस बरोबर उतरत होता, उताराला जशी उतरवायला पाहिजे तशीच. तरी पलटली. मी तिथंच सगळ्यांना सांगितलं, पोलिसालाही सांगितलं, आणि पुढं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. गिअरमध्ये होती, मी डोळ्यांनी पाहिलं, तरी पलटली. माणसाचा दोष नाही. गाडीच खराब.

तिथून तिचं नाव पडलं. लोटांगण. देवाच्या पायरीशी लोक घालतात ते. आमच्या गावात पडलेलं नाव आमगावच्या बाजारात गेलं, तिथून सालेकशाला, तिथून गोंदियाच्या गॅरेजांत. त्या मॉडेलच्या अजून दोन-चार गाड्या या भागात होत्या, त्यांच्या मालकांनी त्या भंगाराच्या भावात काढून टाकल्या. कोण घेणार लोटांगण.

दहाव्याच्या दिवशी लोक ओसरीवर बसले होते. नेहमीप्रमाणे कोणी नशिबावर ढकलत होतं, कोणी गाडीवर. मुनशीनं तोवर कोणाशी शब्द काढला नव्हता. तो एकदम म्हणाला, "गाडीचा दोष नाई."

वहिनीचा भाऊ, म्हणजे पोराचा मामा, उठून उभा झाला. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मुनशीनं पुन्हा सांगितलं, "गाडी पलटत नाई जी. पलटवावं लागते." मामा पायात चपला न घालता निघून गेला आणि पोराला पुन्हा या घरात राहायला पाठवलं नाही. आम्ही म्हटलं, दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. महिन्या-दोन महिन्यांत येईल ठिकाणावर.

आला नाही. गोंदियाहून मिस्त्री आणून त्यानं गाडी उभी केली, ठोकपीट केली, आणि त्याच गाडीनं पुन्हा फळ्यांवर फिरायला लागला. गावातल्या बाया त्याला पाहून डोक्यावरचा पदर पुढं ओढत. ज्या बैलानं मालकिणीला मारलं तो बैल कोणी गोठ्यात ठेवतो काय? मी त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "बैल मारका जन्मत नाई, भाऊ. धनी बनवते." हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं की माझी बायको भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायची, भाजी खारट जन्मत नाही.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. त्याच्या घरी तुम्ही चहा पिताना चुकून लोटांगण म्हटलं, तर तो भांडायचा नाही. तुमच्या हातातला कप घ्यायचा, बशीत उपडा करायचा, आणि चहा बशीतून ओघळून चटईवर जाईस्तोवर पाहत राहायचा. मग म्हणायचा, हात माझा होता का कपाचा? आमच्या गावचे एक गुरुजी बदली होऊन जाईपर्यंत त्याच्याकडे एकही पूर्ण कप चहा प्याले नाहीत.

गावाबाहेर बोडी आहे, म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं. तिची पाळ चांगली तिरपी. पानठेल्यावर कोणी गाडीची टिंगल केली की मुनशी गाडी घेऊन त्या पाळीवर तिरपी उभी करायचा, एवढी तिरपी की आतल्या माणसाला दरवाज्याच्या दांडीला धरावं लागेल. आणि मग तसाच आत बसून बिडी प्यायचा. येणारा-जाणारा थांबायचा. म्हशी पाण्यात बसून पाहायच्या. बिडी संपली की उतरायचा आणि टिंगल करणाऱ्याला म्हणायचा, जा, आता तू बस. कोणी बसलं नाही. मी एकदा बसलो. मी कोणाच्या बापाला भीत नाही. पण मी त्या पाळीवर बसून त्याला सांगितलं की गाडी खराबच आहे, आज नाही पलटली तर उद्या पलटेल. तो खूश झाला. भांडायला माणूस मिळाला की तो खूश व्हायचा.

नागझिऱ्याचा किस्सा तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, पण लोक त्यात मीठमसाला टाकतात, म्हणून मी पाहिला तसा सांगतो. आम्ही तिकडं एका लग्नाला गेलो होतो. परतताना रस्त्याच्या बाजूला धानाच्या बांधीत एक मोठी नवी चकचकीत गाडी फसलेली. जंगल पाहायला आलेलं नागपूरकडचं कुटुंब. चाकं फिरत होती आणि चिखल उडत होता. साहेबाच्या पांढऱ्या पँटीवर चिखलाचं गोंदण झालं होतं. मुनशी न बोलता उतरला, दोर बांधला, छोटा दांडा टाकला, आणि ती एवढी थोरली गाडी लेकरू कडेवर घ्यावं तशी रस्त्यावर आणली. साहेबानं हात जोडले. इथवर सगळं चांगलं होतं. मग साहेब कौतुकानं म्हणाला, काका, गाडी दणकट आहे हो, पण ही फार पलटते ना? मी मोबाईलवर पाहिलंय.

मुनशीनं दोर सोडलाच नव्हता. तो गाडीत बसला, गाडी फिरवून बांधीच्या बाजूला घेतली, आणि साहेबाची गाडी, बाया-पोरं खाली उतरलेली होती म्हणून बरं, जिथून काढली होती तिथं पुन्हा ओढून नेऊन सोडली. बरोबर त्याच खड्ड्यात. मग दोर गुंडाळला.

साहेबाचं तोंड उघडं ते उघडंच. माझंही. गाडी निघाल्यावर मी विचारलं, "काऊन रे असं करून राहिला? तो बिचारा पाहुणा माणूस."

"त्याले आता समजलं असंल," मुनशी म्हणाला, "का गाडी आपल्या मनानं कुठंच जात नाई."

हे तो मागं न पाहता म्हणाला; मी मागं बसलो होतो. मी नेहमी मागंच बसलो. डाव्या बाजूची पुढची सीट रिकामी असली तरी तिथं तो कोणाला बसू देत नव्हता. बाजाराला नेतात त्या शेळीसारखा मी मागल्या फळकुटावर हाडं मोडून घेत होतो, आणि पुढं ती सीट गादीसकट मोकळी. आम्ही समजत होतो वहिनीची आठवण. त्याची दुसरीही एक सवय होती. उतार लागला की, मग तो बैलगाडी उतरावी एवढासाच का असेना, तो पहिल्या गिअरमध्ये टाकून गाडी रडवत रडवत उतरायचा. मागून हॉर्न वाजत. मी म्हणायचो, अरे पायी चालणारे पुढं जाऊन राहिले. तो ऐकायचा नाही. आम्ही समजलो, भ्याला.

असे पोळे येत गेले, जात गेले. त्याचा पोरगा मामाकडे वाढला, शिकला, नागपूरला नोकरीला लागला. दिसायला वहिनीवर गेलेला. बापाला भेटायला सणासुदीला यायचा, जेवायचा, आणि अंगणातली गाडी दिसू नये म्हणून मागच्या दारानं यायचा-जायचा. त्या गाडीला त्यानं कधी हात लावला नाही. मला तो काकाजी म्हणतो. एकदा माझ्याजवळ बसून म्हणाला, काकाजी, मला आईचा चेहरा आठवत नाही, पण ती गाडी रोज आठवते. मी म्हटलं, गाडीच खराब होती बाबू, मी पाहिलं, गिअरमध्ये होती. त्यानं मान हलवली. एवढं तरी त्याच्याजवळ होतं, की बापानं काही चूक केली नाही.

मग ज्या पोळ्याची मी गोष्ट सांगून राहिलो त्याच्या आदल्या दिवशी पोरगा आला आणि यावेळी पुढच्या दारानं आला. बापाला म्हणाला, गाडीची कागदावरची मुदत कधीच संपली, आता ती रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. गोंदियाच्या भंगारवाल्याशी बोलणं झालं. परवा मारबतीच्या दिवशी सकाळी त्याचा ट्रक येईल. "मारबतीले अख्खं गाव घरची पीडा बाहेर टाकते बाबा," तो म्हणाला, "आपणबी टाकू. आईले मारणारी वस्तू अंगणात ठेवून मी आता या घरात जेवणार नाई."

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबत. सकाळी पोरं हातात पळसाच्या डहाळ्या घेऊन गावभर ओरडत फिरतात. खोकला, ताप, मच्छर, जे जे वाईट त्याचं नाव घेऊन, घेऊन जा गे मारबत. कोण्या एका वर्षी पोरांनी मुनशीच्या दारापुढं ओरडून दिलं, लोटांगण घेऊन जा गे मारबत. तेव्हापासून दरवर्षी ओरडत. मुनशी त्या सकाळी गाडीच्या बाजूला काठी घेऊन उभा राहायचा.

पोराचं ऐकून मुनशी एवढंच म्हणाला, परवाचं परवा पाहू. आणि संध्याकाळी वाटीत हळद-तूप घेऊन बसला. तेव्हा मी तिथं पोचलो, हे वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी आखरावर तोरण बांधलं. आखर म्हणजे गावची गुरं जमतात ते मैदान. पूर्वी तिथं जोड्या मावत नव्हत्या, आता ट्रॅक्टर आले, आणि बैल म्हणजे माझी एक जोडी धरून मोजक्या दहा-बारा घरचे. मी माझ्या बैलांच्या शिंगांना बेगड लावली होती, पाठीवर नवी झूल. मी तोरणाखाली मानाच्या जागी उभा होतो. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मुनशी गाडी घेऊन थेट रांगेत. हूडवर झूल टाकलेली, आरशांना गोंडे बांधलेले, बोनेटवर गेरूचे हाताचे ठसे. माझ्या धवळ्या बैलाच्या बाजूला आणून उभी केली आणि चाबी बंद केली.

गावात असं कधी झालं नव्हतं. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. पाटलाच्या घरचे म्हातारे म्हणाले, हा बैलाचा अपमान आहे, बाहेर काढा. मीही म्हटलं, हो, बाहेर काढा. खोटं कशाला सांगू. मुनशी गाडीतून उतरला आणि म्हणाला, "पोळा कायचा असते? ज्याच्याकडून काम घेतलं, ज्याले मारलं, शिव्या देल्ल्या, त्याच्यापुढं एक दिवस वाकाचं. का बैलाचं शिंग पाहून पोळा असते?"

त्यावर म्हातारे बाजूला सरकले. माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात झडत्या सुरू झाल्या. तोरण तुटायच्या, म्हणजे पोळा फुटायच्या आधी जो तो आपल्या जोडीच्या नावानं गाणं म्हणतो, त्याला झडती म्हणतात. म्हणून झालं की सगळे हर हर महादेव करतात. रांगेनं म्हणत म्हणत पाळी मुनशीवर आली. लोक हसायला तयारच होते. त्यानं एक हात बोनेटवर ठेवला आणि त्या हाकाऱ्याच्या आवाजात म्हटलं,

"चारा नाही खाल्ला, ढेप नाही खाल्ली,
डिझेलवर काढली उमर;
ओझं वाहिलं, बोलणं साहिलं,
वाकली नाही कंबर."

लोक हसले. चांगलं हसले, मीही हसलो. कोणीतरी हर हर महादेव केलं. पण मुनशी थांबला नाही, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्याचा पोरगा गर्दीत समोरच उभा होता, मोबाईल वर धरून. मुनशी त्याच्याकडे पाहून बोलायला लागला, आणि त्या वेळी आवाज हाकाऱ्याचा नव्हता.

"ती गाडी त्या दिवशी गिअरमधी नव्हती," तो म्हणाला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला भूल पडली. मी म्हटलं, "होती. मी पाहिलं."

"तू मागाहून पाहिलं, भाऊ."

मग त्यानं सांगितलं. आमच्या भागातल्या ड्रायव्हरांची एक खोड आहे. लांब उतार लागला की इंजिन बंद करायचं, गिअर काढायचा, आणि गाडी नुसती गडगडत सोडायची. डिझेल वाचतं, आणि जो जास्त लांब नेईल तो मोठा उस्ताद. मुनशी त्यात पट्टीचा होता. फळीवर त्याची मिरवायची गोष्टच ती होती. त्या दिवशीही त्यानं गाडी तशीच सोडली. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. गाडीनं वेग घेतला. वहिनी म्हणाली, गिअर टाका जी, मले भेव लागते. तो म्हणाला, तू चूप बस, मले नको शिकवू. खालच्या वळणाशी चाक दगडावर चढलं.

इथवर सोसण्यासारखं होतं. अशी चूक कोणाच्याही हातून होते. मग मुनशीनं आपला उजवा हात पुढं धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"गाडी पडली तवा ती माझ्या खाली होती. जित्ती होती. मले हाक मारून राहिली होती. अन् माझा हात पयले तिच्याकडे नाई गेला. गिअरकडे गेला. मी गिअर टाकला, चाबी फिरवली, अन् मंग तिले धरलं. नाई तं लोकं म्हणतील, मुनशीनं उतारावर गाडी मोकळी सोडली."

माझ्या हातातली वेसण कधी सुटली मला कळलं नाही. बैल शहाणे, जागेवर उभे राहिले. मी त्या हाताकडे पाहून राहिलो होतो. त्या हातानं मला किती वेळा तंबाखू दिला. माझ्या पोरीच्या लग्नात त्या हातानं अक्षता टाकल्या. आणि हेही खरं की मला त्याचा राग आला, आईशपथ आला, की एवढी वर्षं मी गावोगाव ज्याची शपथ घेऊन सांगितलं ते माझ्यासाठी रचून ठेवलेलं होतं.

आणि मग उमजलं, की हा माणूस सगळी वर्षं हेच तर सांगत होता. गाडी पलटत नाही, पलटवावं लागते. दहाव्याला सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, चहाचे कप उपडे करून सांगितलं. आम्ही त्याला वेडा म्हटलं, आणि वेड्यावर दया केली, आणि सगळं गाडीवर घातलं.

पोरानं मोबाईल खाली केला. एकच विचारलं. "मामाले माहीत होतं?"

"नाई. कोनालेच नाई."

पोरगा वळला आणि घराकडे गेला. त्या वर्षी तोरण कोणी तोडलं, मला आठवत नाही.

मारबतीच्या सकाळी मी मुद्दाम लवकर मुनशीच्या घरी गेलो. रात्रीतून काही उलटसुलट झालं नाही ना, ते पाहायला. पोरगा ओसरीच्या एका टोकाला, बाप दुसऱ्या टोकाला. चूल पेटलेली नव्हती. भंगारवाल्याचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला होता. तेवढ्यात पोरांचा घोळका डहाळ्या हलवत आला. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा असं करत पोरं दाराशी आली, आणि ओरडायच्या ऐन वेळी थबकली. लेकरांनीही आदल्या दिवशी ऐकलं होतं. काय ओरडावं त्यांना समजेना.

मुनशी उठला. अंगणाच्या मधोमध आला. हातात काठी नव्हती. आणि सगळा जोर लावून ओरडला, "मुनशीले घेऊन जा गे मारबत!"

मारबतीला माणसाचं नाव घेत नाहीत. मेल्यालाही घेत नाहीत. एक लहान पोरगी रडायला लागली. मला दुसरं काही सुचलं नाही, मी त्याच्यापुढं जाऊन त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो, "लोटांगण घेऊन जा गे मारबत!"

मुनशी माझ्याकडे वळला. मग त्याचे डोळे जुन्या मुनशीसारखे झाले. "गाडीले नाव ठेवू नोको, भाऊ," तो म्हणाला. "काल एवढं सांगितलं तरी तुह्या डोक्यात नाई गेलं काय?"

"खराब गाडी आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

आम्ही दोघं म्हातारे अंगणात उभे राहून भांडलो. लेकरं पाहत होती, ट्रकवाला पाहत होता. पोरगा उठला आणि ट्रककडे गेला. भंगारवाला म्हणाला, साहब, परसों तो आप बोले थे ले जाओ. पोरगा म्हणाला, परसों बोला था. ट्रक रिकामा गेला.

असं नका समजू की सगळं गोड झालं. पोरगा त्याच दुपारी निघाला. मुनशीनं त्याला त्याच गाडीनं आमगाव स्टेशनला सोडलं, मीही होतो. मुनशीनं पहिल्यांदा डाव्या सीटवर हात ठेवून तिथली धूळ झटकली. पोरानं पाहिलं, आणि मागं येऊन माझ्याजवळ फळकुटावर बसला. रस्ता सगळा सपाट, तरी मुनशीनं गाडी हळूच चालवली. पोरगा सगळा वेळ बापाच्या पाठीकडे पाहत होता. स्टेशनवर उतरला, पिशवी घेतली आणि मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर गावात कोणी लोटांगण म्हणेनासं झालं. पानठेल्यावर लोक त्या गाडीची तारीफ करत, चांगली गाडी होती हो बिचारी. मुनशी ते ऐकून चहा न पिता उठायचा. ज्यासाठी जन्मभर भांडला ते मिळालं, आणि ते त्याच्या अंगाला लागलं नाही. भांडायला मी एकटा उरलो. मी रोज जायचो आणि गाडीला नावं ठेवायचो. धानाची मळणी व्हायच्या आधी तो गेला. पोरगा आला, अग्नी दिला, तेराव्यापर्यंत राहिला. जाताना गाडी माझ्या गोठ्यात लावून गेला. मला विचारलंही नाही.

यंदाचा पोळा परवा झाला. आदल्या संध्याकाळी मी माझ्या बैलांचे खांदे शेकत होतो. पोरगा नागपूरहून आला. माझ्या वाटीतलं हळद-तूप त्यानं बोटावर घेतलं आणि गाडीच्या बंपरला लावलं. आवतन दिलं की नाही, मला ऐकू आलं नाही. मग तो डाव्या सीटवर चढून बसला आणि समोर पाहत राहिला. मला बोलल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, बाबू, कशाला त्या खराब गाडीला तूप लावून राहिला.

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गाडी पलटत नाई, काकाजी. पलटवावं लागते."

तोच आवाज. तीच मान. मी हातातली वाटी खाली ठेवली. त्यानं हे बापाच्या बाजूनं म्हटलं की बापाच्या विरुद्ध, ते मला आजही समजलं नाही. त्याला तरी समजलं काय, कोण जाणे. मी बैलाचा खांदा चोळत राहिलो, आणि शेवटी जे मला सांगायचं ते सांगितलं, कारण मी म्हातारा माणूस आहे, आता शब्द बदलणार नाही. म्हटलं, "तू काहीबी म्हण बाबू. मी पाहिली तवा गाडी गिअरमधी होती."